लांडगा आणि ४५ अंश

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीसाठी आज मोबाइल ॲप आहेत, तरी काही नेमबाज खिशात प्लास्टिकची सरकपट्टी ठेवतात. तिला बॅटरी लागत नाही. लक्ष्य दुर्बिणीत किती खुणांएवढं दिसतं ते तिच्यावर जुळवलं की अंतर कळतं, आणि अंतरावरून नेम किती वर धरायचा ते. काही पट्ट्यांना चढउताराचा कोन मोजायला वजन बांधलेला दोराही असतो. तो दोरा पाहिला की मला निकोलो तार्तालिया आठवतो.

१५३१ मध्ये इटलीतल्या व्हेरोनात एका गोलंदाज मित्राने (तोफ डागणारा तो गोलंदाज, क्रिकेट फार नंतरचं) या गणिताच्या शिक्षकाला विचारलं, गोळा सर्वांत लांब जायला तोफ किती उचलावी? उत्तर आलं, ४५ अंश. दुसरा गोलंदाज म्हणाला, त्याहून खाली. पैज लागली, तोफा उडाल्या, तार्तालिया बरोबर ठरला. गोळ्याच्या मार्गाची त्याची कल्पना मात्र चुकीचीच होती.

त्याचं साधन सुताराच्या गुण्यासारखं. लांब भुजा तोफेच्या तोंडात सारायची, कोपऱ्यातून सुटलेला ओळंबा पाव वर्तुळावरच्या १२ घरांपैकी कुठे येतो ते पाहायचं. सहावं घर म्हणजे ४५ अंश. असंच ओळंब्याचं पाव वर्तुळ, ‘रुबुल मुजय्यब’, मुस्लिम खगोलज्ञांकडे कित्येक शतकं आधीपासून होतं. मशिदीतले मुवक्कित त्यावर नमाजच्या वेळा काढत. त्यातला ‘जैब’ हा शब्द संस्कृत ‘जीवा’वरून अरबीत गेला. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी!

१५३७ मध्ये व्हेनिसला तार्तालियाचं ‘नोव्हा सायेन्शिया’ छापून आलं. अर्पणपत्रिकेत तो सांगतो, की माणसं मारायची विद्या अधिक तल्लख करणं हे पाप आहे असं मनाने घेतलं आणि आपण सगळे कागद फाडून जाळले. पण आता लांडगा आपल्या कळपावर येतोय, तेव्हा हे लपवणं योग्य नाही. लांडगा म्हणजे तुर्कांचा सुलतान सुलेमान.

ही भीती खोटी नव्हती. त्याच वर्षी सुलेमानच्या फौजेने व्हेनिसच्या ताब्यातल्या कॉर्फूला वेढा घातला. तरी मी त्या पानावर अडतो. १५१२ मध्ये ब्रेशिया लुटताना चर्चमध्ये लपलेल्या या पोराचा जबडा तलवारीने चिरला तो फ्रेंच सैनिकाने. तोतरेपण जन्मभर राहिलं, ‘तार्तालिया’ या नावाचा अर्थच तोतरा. त्याच्या अर्पणपत्रिकेतला लांडगा मात्र फ्रेंच नाही. आणि १५३७ मध्ये फ्रान्सचा राजा तर सुलेमानचा दोस्त होता. माणूस मारण्याची लाज ज्याला एवढी वाटली की कागद जाळले, त्याची लाज ‘कोणाला’ या एका शब्दावर सुटली.

१५४६ मध्ये त्याचं पुढचं पुस्तक आलं. त्यातही तोफा आहेत. ते त्याने अर्पण केलं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला. हेन्रीच्या तोफा दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या बुलोन शहरावर धडाडल्या होत्या.