शिसे, शिरका आणि खेकड्याची नांगी



विषय रसायनशास्त्राचा आणि बोलणारा कामगार संघटनेचा कार्यकर्ता, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु शिशाचे विष पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अंगात भिनले त्यांत कामगारांचा भरणा मोठा आहे. तेव्हा या इतिहासावर आमचाही थोडा हक्क पोचतो.

कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. हे कळकणे म्हणजेच आजचा विषय. ताक, चिंच, लिंबू, शिरका यांच्या आंबटपणाच्या मुळाशी जी आम्ले आहेत, त्यांना कार्बोक्झिलिक आम्ले म्हणतात. त्या सर्वांच्या अंगी एक समान अवयव असतो: एक कार्बन आणि त्याला जोडलेले दोन ऑक्सिजन. या अवयवातील हायड्रोजन सुटला की तेथे ऋणभार उरतो, आणि धातूचा धनभारित कण समोर आला की हे ऑक्सिजन त्याला धरून ठेवतात. नुसते शिसे पाण्यात फारसे विरघळत नाही. शिरक्यात मात्र, हवेचे साहाय्य मिळाले की, ते आम्लाशी बांधले जाऊन विरघळते. त्यातून जे लवण तयार होते ते चवीला गोड असते. म्हणूनच त्याला ‘शिशाची साखर’ असे नाव पडले.

या गोडीने युरोपला फार काळ फसविले. प्राचीन रोममध्ये द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यांत आटवीत. पुढे आंबट दारू गोड करण्यासाठी तीत मुरदाडशिंग घालण्याची चाल पडली. जर्मनीतील उल्म शहरी एबरहार्ड गोकेल नावाचा वैद्य होता. मठातील जे साधू दारू पीत नाहीत त्यांना पोटशूळ होत नाही, हे त्याने हेरले आणि मुरदाडशिंगावर बोट ठेवले. शेजारच्या वुर्टेंबर्गच्या ड्यूकने १६९६ मध्ये अशी भेसळ करणाऱ्यास देहदंड जाहीर केला.

इंग्लंडातील डेव्हन परगण्यात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना असाच शूळ उठे आणि हातपाय लुळे पडत. जॉर्ज बेकर या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवून दिले की, तेथील घाण्यांमध्ये शिसे वापरलेले असते आणि सफरचंदाचे आम्ल ते ओढून घेते. हेरफर्ड परगण्यातही हीच दारू होई. पण तेथे घाण्यांत शिसे नव्हते आणि रोगही नव्हता. एवढा सरळ पुरावा मांडूनही डेव्हनमध्ये बेकरवर टीकेचा भडिमारच झाला. कारण प्रश्न तेथील धंद्याचा होता.

पिणाऱ्याला निदान प्याला दूर सारता येतो. सफेत्याच्या कारखान्यातील मजुराला ती सोय नव्हती. शिशाचे पत्रे शिरक्याच्या मडक्यांवर ठेवायचे आणि ती मडकी घोड्याच्या लिदीत पुरून काही महिने तशीच ठेवायची, ही तेथील रीत. शिरक्याची वाफ शिशाला बांधी. लिदीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याचा पांढरा सफेता करी. मग मजुरांनी, आणि इंग्लंडात विशेषतः स्त्रियांनी, तो खरवडून काढायचा. तेथे १८९८ मध्ये धोक्याच्या कामांतून स्त्रियांना दूर केले गेले. पुरुष मात्र तेथेच राहिले. पुढे १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेता वापरू नये असा करार केला. परंतु त्यालाही अपवाद जोडले गेले.

ही पकड म्हणजे नेमके काय, याचा उलगडा झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये केला. धातूच्या कणाभोवती ठरावीक संख्येने इतर कण ठरावीक जागी बसतात, हा त्याचा सिद्धांत. त्यासाठी त्याला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकच रेणू दोन किंवा अधिक ठिकाणी धातूला धरतो तेव्हा पकड पुष्कळच घट्ट होते. मॉर्गन आणि ड्रू या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये अशा पकडीला खेकड्याच्या नांगीवरून ‘कीलेट’ हे नाव दिले. जर्मनीत फर्डिनांड म्युंट्स याने १९३५ च्या सुमारास कापडधंद्यासाठी, परदेशी सायट्रिक आम्लाला पर्याय म्हणून, एक रेणू घडविला. त्यात चार कार्बोक्झिलिक अवयव आणि दोन नायट्रोजन आहेत. म्हणजे एका धातूला सहा ठिकाणी पकड. हाच तो ई. डी. टी. ए.

१९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील डॉक्टरांनी त्याचे कॅल्शियमयुक्त लवण शिसे भिनलेल्या रोग्यांना टोचले. ते कॅल्शियम सोडी, शिसे धरी आणि लघवीवाटे बाहेर नेई. ज्या अवयवाने शिसे गोड होऊन पोटात गेले, त्याच अवयवाच्या नांगीने ते बाहेर काढले. शास्त्राचा याहून सुंदर विजय कोणता?

पण बंधूंनो, येथेच सावध राहावयास हवे. काही कारखान्यांत हे औषध निरोगी कामगारांनाही देण्यात येऊ लागले. रक्तातील शिसे उतरवायचे आणि माणसाला पुन्हा त्याच धुळीत उभे करायचे! धूळ तशीच राहिली. भार पडला तो कामगाराच्या मूत्रपिंडांवर. अखेर १९७८ मध्ये अमेरिकेच्या शिसेविषयक नियमांत अशा ‘प्रतिबंधक’ औषधाला मनाई करावी लागली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला. हे चांगलेच झाले. तथापि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणारा मजूर आजही उघड्या हाताने काम करतो, आणि त्याचे नाव पुष्कळदा कोणत्याच हजेरीपटावर नसते.

नांगी धातूला धरते. तो कोणाच्या अंगात आहे हे ती विचारीत नाही. ते विचारणे आपले काम आहे. औषध हे रोग्यासाठी असते. कामगाराला हवा तो धूळ ओढून घेणारा पंखा, हात धुण्यास पाणी आणि घरी जाताना बदलावयास स्वच्छ कपडे. हे मागण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र त्या शास्त्राची एवढी ओळख असली, तर ‘औषध देतो आहोत ना’ या उत्तरावर आपण गप्प बसणार नाही.