अपघातानंतरचा पहिला तास, पहिला आठवडा आणि पहिले सहा महिने : कार्यकर्त्यांसाठी माहिती

वस्तीत कुणाचा अपघात झाला की पहिला फोन बहुधा कार्यकर्त्याला येतो. "दादा, लवकर या." आपण धावत जातो, रक्ताची सोय करतो, वर्गणी काढतो. दुर्दैवाने माणूस गेला तर अंत्यविधी, पुण्यानुमोदन सगळे नीट पार पाडतो. मग जो तो आपापल्या कामाला लागतो. कुटुंबाची खरी लढाई त्यानंतर सुरू होते आणि तेव्हा सोबत कुणी नसते.

आमच्याकडे आलेले एक कुटुंब असेच. घरातला कर्ता माणूस गवंडीकाम करायचा. मोटारसायकलला ट्रकची धडक बसली आणि तो जागीच गेला. तिसऱ्या दिवशी ट्रकमालकाची माणसे घरी आली. चाळीस हजार रुपये दिले, स्टॅम्प पेपरवर सह्या घेतल्या, "मिटवून टाका, कोर्टात काही मिळत नाही" म्हणाले. गावातल्या जाणत्यांनीही मान डोलावली. ते कुटुंब आमच्याकडे आले तेव्हा वर्ष होत आले होते. साक्षीदार फिरले होते. मृताच्या बँक पासबुकात दर वर्षी वीस रुपये कापल्याची नोंद होती. ती अपघात विम्याची आहे हे कुणी पाहिलेच नव्हते.

असे पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख. तो मोबाईलमध्ये जपून ठेवा.

पहिला तास : जीव वाचवणे

१०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही क्रमांक आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा. जखमीला पाणी पाजू नका. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल तर आग किंवा वाहतुकीचा धोका नसताना त्याला उचलून बसवू नका.

"मदत केली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल" ही भीती अजूनही मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. त्यानुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि दवाखाना त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे तर न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे.

जखमी दवाखान्याकडे निघाला की एकाने जागेवर थांबावे. दोन्ही वाहनांचे नंबर, त्यांची स्थिती, रस्त्यावरच्या खुणा यांचे फोटो काढा. जवळच्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे कॅमेरे कुठे आहेत ते लिहून ठेवा, कारण ते चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाते. पाहणाऱ्या दोघातिघांचे फोन नंबर घ्या.

उपचाराचा खर्च

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना लागू केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नेमलेल्या दवाखान्यांत उपचार मिळतात. त्यासाठी पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते, म्हणून पोलिसांना कळवायला उशीर करू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्यालाही लगेच भेटा. दवाखान्यात 'अपघात' सांगूनच नोंद करा. "पडला" असे सांगितले तर तोच कागद पुढे आपल्याविरुद्ध जातो.

पहिला आठवडा : पोलीस ठाणे

घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. सही करण्यापूर्वी ती वाचून घ्या. वाहनाचा नंबर, दिशा, वेळ आणि चालकाची चूक त्यात स्पष्ट आली आहे का ते पाहा.

मिटवामिटवीचा दबाव याच आठवड्यात येतो. येथे एक गोष्ट कुटुंबाला शांतपणे समजावून सांगावी लागते : भरपाई सहसा चालकाच्या किंवा मालकाच्या खिशातून जात नाही. प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि पैसे विमा कंपनी देते. "गरीब ड्रायव्हरला कशाला त्रास" म्हणून मागे हटणाऱ्या माणसांना हे माहीतच नसते. म्हणून कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर कुणीही सही करू नये.

सहा महिने : भरपाईचे मार्ग

पहिला मार्ग कलम १६६ चा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. अपघात झाला तिथेच जावे असे नाही, वारस राहतात त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. यात समोरच्याची चूक दाखवावी लागते आणि रक्कम वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे यांवर ठरते.

दुसरा मार्ग कलम १६४ चा. यात चूक कुणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख ठरलेले आहेत. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. तरुण कमावता माणूस गेला असेल तर मोठ्या भरपाईवर पाणी सोडण्यासारखे होईल. वकिलाला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

तिसरा मार्ग, वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही तर. मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची.

याशिवाय पासबुक तपासा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. स्वतःच्या गाडीवर असताना मालक गेला असेल तर त्याच्या पॉलिसीत पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का तेही पाहा.

"पगाराची स्लिप नाही, मग काय?"

बिगारी, गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया यांच्याकडे उत्पन्नाचा कागद नसतो. म्हणून दावा बुडत नाही. न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरते. गृहिणीच्या श्रमाचेही मोल धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी बांधकाम कामगार नोंदणी, ई-श्रम कार्ड, ठेकेदाराचे पत्र, बँकेचे व्यवहार, सोबतच्या कामगारांचे जबाब जमवा. मृताकडे लायसन्स नव्हते, एवढ्यावरूनही दावा संपत नाही.

फाईलमध्ये हे असावे : एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, उपचाराची सर्व बिले, अपंगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, वारसांची आधार कार्डे, समोरच्या वाहनाची आरसी व विमा.

वकिलाचा खर्च

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धही अनुसूचित जातीत येतात, म्हणून जातीचा दाखला फाईलमध्ये ठेवा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. भरपाईत टक्का मागणाऱ्या दलालापासून कुटुंबाला दूर ठेवा.

प्रवासाला निघण्याआधी

शेवटची गोष्ट आपल्या घरातली. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, भीमा कोरेगाव, जयंतीच्या मिरवणुका. आपण टेम्पो, पिकअपमध्ये दाटीवाटीने जातो. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर सहसा येत नाही, आणि फक्त तृतीय पक्ष विमा असेल तर त्याच दुचाकीवर मागे बसलेल्यालाही त्या पॉलिसीतून संरक्षण मिळत नाही. गाडी ठरवताना भाड्याइतकीच परवाना आणि विम्याची चौकशी करा. प्रवासी वाहन थोडे महाग पडते, ते पडू द्या.

प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात दोन तरुणांनी ही माहिती पाठ करून ठेवावी. वर्गणी महिनाभर पुरते. वेळेत दाखल केलेला दावा पोरांचे शिक्षण पूर्ण करू शकतो. पुढचा फोन येईल तेव्हा दवाखान्यात धावत जा आणि सहा महिने त्या घराची फाईलही सोबत घेऊन फिरा.