एक आण्याची शाळा

गावची शाळा कोणाची, असे विचारले तर बहुतेक जण चटकन सांगतात, सरकारची. पण शिक्षकबंधूंनो आणि शेतकरी मित्रांनो, जुने हिशेब काढून पाहिले तर गोष्ट निराळी दिसते.

मुंबई इलाख्यात १८६३-६४ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेऊ लागले. याला लोकल फंड म्हणत. १८६९ साली त्याचा रीतसर कायदा झाला. या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. म्हणजे शाळेची वर्गणी कुणब्याने केव्हाच भरली होती. वर्गणी मात्र साऱ्या गावांची आणि शाळा थोड्या गावांत!

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात यावरच बोट ठेवले. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. शेतकरी मूल शाळेत का घालत नाही, तर दारिद्र्य आणि गुरे राखायला माणूस हवे म्हणून, हेही स्पष्ट सांगितले. मला स्वतःला त्यातला मास्तरांविषयीचा भाग फार मोलाचा वाटतो. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, वेळ पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये. त्याला पगार बारा रुपयांहून कमी नसावा. गावचे हिशेब तपासणे, टपाल सांभाळणे अशी कामेही त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल. शाळा आणि गाव यांची गाठ कशी घालायची, याचा इतका बारीक विचार तेव्हा कितीजणांनी केला असेल?

पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी घरोघरची मूठमूठ धान्य मागून मुलांची वसतिगृहे चालवली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. २००९ च्या कायद्याने तर शाळेच्या समितीत पाऊण सभासद पालकच असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरले.

हे सगळे मी कॉलेजात शिकवतो. आता माझेच सांगतो. माझी मुलगी गावच्याच शाळेत जाते आणि मी त्या समितीचा सभासद आहे. एकदा सभेची वही सहीसाठी घरी आली. सभा झालीच नव्हती, तरी इतिवृत्त लिहून तयार. त्यात ‘पाण्याची सोय समाधानकारक’ असे वाक्य, खाली अनुमोदक म्हणून माझे नाव. मुलींच्या संडासात पाणी नसते, हे मुलगी रोज सांगत होती. तरी मी सही केली. घाईत होतो, दुसरे कारण नाही. ती शेजारीच उभी होती. म्हणाली, “बाबा, काय लिहिलंय त्यात?” मला ते वाचून दाखवता आले नाही.

पुढच्या महिन्यात मी हट्टाने सभा भरवली. सातजण आले. मुख्याध्यापक रागावतील असे वाटले होते. त्यांनी उलट जळलेल्या मोटारीचे कागद आणि दुरुस्तीसाठी केलेल्या अर्जांच्या नकलाच पुढे ठेवल्या. एवढे दिवस विचारायलाच कोणी आले नव्हते. एका पालकाने आपल्या विहिरीवरून नळी टाकून दिली. ती अजून उघड्यावरूनच गेली आहे, आणि वैशाखात विहिरीला पाणी किती राहते ते पाहायचे आहे.