सोलापुरच्या जुन्या गिरणीचे कागद

वळसंगास राहून आम्ही इनामाच्या सनदा पुष्कळ चाळल्या. परंतु शेजारच्या सोलापुरांतील जुन्या गिरणीचे कागद संग्राहकांनीं रद्दी समजावे, हें आम्हांस रुचत नाहीं. १८६० सालीं लोहमार्ग आला. १८७७ सालीं शहरांतील ही पहिली कापडगिरणी सुरू झाली. १९४९ च्या ऑगस्टांत ती बंद पडली व पुढील जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून कारभार हातीं घेतला. सरकारनियुक्त संचालकांनीं भागांची उर्वरित रक्कम मागितली, तेव्हां द्वारकादास श्रीनिवास या भागधारकानें वाद मांडला. मोबदल्यावांचून मालमत्ता हिरावली, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयानें १९५३ च्या डिसेंबरांत तो वटहुकूम अवैध ठरविला. दुसऱ्या एका भागधारकाचा अर्ज त्याच न्यायालयानें १९५० सालीं फेटाळला होता! तसलें एखादें मागणीपत्र कोणाच्या दप्तरांत सांपडल्यास तें सनदेइतकेंच जपून ठेवावें.