टॅक्सीच्या इंजिनातला कॅम

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होतो. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळ्यांनी तिच्या छपराच्या आणि सीटांच्या आठवणी लिहिल्या. इंजिनाबद्दल कुणी काही बोललं नाही. मला मात्र तेच आठवत होतं. का, ते आमच्या घरच्यांना ठाऊक आहे :)

पद्मिनी म्हटलं की आपल्याला चढावर धापा टाकणारी टॅक्सी दिसते. पण तिचं इंजिन मूळचं 1937 च्या फियाट 1100 चं. सिलिंडरचा व्यास 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, मिळून 1089 सीसी. याच इंजिनावर 1946 साली इटलीत चिझितालिया डी46 ही शर्यतीची गाडी बनली. नुवोलारीसारखा दिग्गज ती चालवायचा. तिची ताकद साठेक हॉर्सपॉवर. आणि कुर्ल्याच्या प्रीमियरनं 1964 पासून डिलाइट म्हणून आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून जी गाडी विकली, तिची चाळीसेक.

माप तेच, मग वरचे वीस घोडे आले कुठून? कार्ब्युरेटर वगैरे आहेच, पण मोठा वाटा कॅमचा आणि कॉम्प्रेशनचा.

व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅम ठरवतो. जास्त वेळ उघडा ठेवला की वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेतं, पण खालच्या वेगात भरलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि गाडी मरगळते. टॅक्सीला गर्दीत दुसऱ्या गिअरवर पाच माणसं ओढायची असतात, तेव्हा कंपनीनं नरम कॅम दिला तो मूर्खपणानं नव्हे. गेलेलं कॉम्प्रेशन परत आणायला मग लोक हेड घासतात. इथेच घोळ आहे. हेड जितकं घासाल तितका व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, आणि नवा कॅम त्याला आणखी खाली ढकलत असतो.

आयात बंद असण्याच्या काळात तयार रेसिंग कॅम मिळणं मुश्किलच. म्हणून जुनाच कॅम घासून घ्यायचा. त्याचा गोल भाग लहान केला, नाक तसंच ठेवलं, की लिफ्ट वाढते. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट आणि हेराल्ड पळायच्या, ती सगळी अशा जुगाडाचीच दुनिया.

1996 साली मीही हेच केलं. बाबांची पद्मिनी. कॅम उल्हासनगरात घासला, हेडचं फेसिंग अंबरनाथला. मामा अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत होते. 1953 सालची ती सरकारी फॅक्टरी, तिथल्या माणसाला मापाशिवाय घास जात नाही. ते म्हणाले, "अरे, आधी माती लावून बघ."

म्हणजे पोरांची खेळायची माती पिस्टनवर थापायची, व्हॉल्व्हला जरा तेल लावायचं, हेड बसवून टायमिंग जुळवायचं आणि इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं. मग हेड काढून माती ब्लेडनं कापायची आणि सगळ्यात पातळ जागा मोजायची. इनटेकला दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच तरी हवं. गंमत म्हणजे सगळ्यात जवळचा क्षण पिस्टन अगदी वर असताना येत नाही. इनटेकच्या बाबतीत तो साधारण 10 अंश पुढे येतो. तेवढ्यात पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उतरलेला असतो आणि व्हॉल्व्ह मात्र वेगानं उघडत असतो.

मी म्हटलं, "मामा, हातानं फिरवून बघितलं, कुठे अडत नाही." मामा काही बोलले नाहीत.

हातानं फिरवताना अडत नाही, कारण तेव्हा कनेक्टिंग रॉड ताणला जात नाही आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे पडत नाही. जोरात पळताना दोन्ही होतं. ते दोन मिलिमीटर त्यासाठीच असतात.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी खरंच उडाली. साधारण एक मिनिट. मग टाळी वाजावी तसा आवाज आला. तिसऱ्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह वाकला होता आणि पिस्टनवर चंद्रकोरीसारखी खूण होती.

बाबांनी ती गाडी तशीच विकली, माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. पिस्टन मामांनी ठेवून घेतला. गेल्या वर्षी त्यांचं कपाट आवरताना सापडला, खोक्यात, सोबत वाळून दगड झालेला मातीचा गोळा.