डी एर्मिट्लुंग

(तपास). दुसऱ्या महायुद्धातील वंशसंहाराचा शोध घेणारे पेटर व्हाइस (१९१६–८२) ह्या जर्मन नाटककाराचे नाटक. आउशव्हिट्स छळछावणीतील अधिकारी व कर्मचारी ह्यांच्यावर फ्रँकफुर्ट येथे १९६३–६५ मध्ये खटला चालला. त्यातील साक्षींच्या आधारे व्हाइसने अकरा सर्गांत ही रचना केली. आरोपींची नावे खरी आहेत; छावणीने ज्यांची नावेच हिरावून घेतली, ते साक्षीदार मात्र निनावी आहेत. ‘ज्यू’ हा शब्द नाटकात कोठेही येत नाही, ह्यावर टीका झाली. १९ ऑक्टोबर १९६५ रोजी दोन्ही जर्मनींतील अनेक नाट्यगृहांत व लंडनमध्ये ते एकाच वेळी सादर झाले. जुने उकरू नये, असे म्हणणाऱ्या आरोपीच्या भाषणाने नाटक संपते. निकाल त्यात नाही. तो प्रेक्षकांवर सोपविलेला आहे.