चालत गेलेला विजेता : चढावरच्या वेगाचा इतिहास

१/ २१ जुलै १९१०. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातील लुशाँ गावातून भल्या पहाटे सायकलपटू निघाले. ‘तूर द फ्रान्स’चा हा टप्पा बायोनपर्यंत ३२६ किलोमीटरचा होता. वाटेत पेरसूर्द, आस्पँ, तूर्माले आणि ओबिस्क या खिंडी होत्या. इतक्या उंचीवर ही स्पर्धा प्रथमच जात होती.

२/ तूर्मालेचा माथा २,११५ मीटरवर आहे. पायथ्यापासून सुमारे १७ किलोमीटरमध्ये जवळजवळ १,२७० मीटर चढावे लागते, आणि तेव्हा रस्ता कच्चा होता. ऑक्ताव्ह लापीझ या चढावर काही अंतर सायकल ढकलत चालत गेला. गुस्ताव्ह गारिगू मात्र एकदाही न उतरता माथ्यावर पोहोचला. त्याबद्दल त्याला १०० फ्रँकांचे बक्षीस मिळाले.

३/ परंतु सुमारे १४ तासांनी बायोनला पहिला आला तो लापीझ. त्या वर्षीची स्पर्धाही त्यानेच जिंकली; गारिगू तिसरा आला. एका दिवसावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. तरीही चालणारा जिंकतो कसा, हा प्रश्न उरतोच.

४/ उत्तराचा एक धागा यंत्रात सापडतो. त्या सायकलींना चालता-चालता बदलता येणारे गिअर नव्हते. चढ तीव्र झाला की पाय मंदावतात, आणि पाय मंदावले की प्रत्येक पेडलवर अधिक जोर द्यावा लागतो. ‘जरा सावकाश’ चढण्याची सोयच नसते. अशा वेळी उतरून चालणे म्हणजे, माझ्या मते, सायकलला नसलेला सर्वांत हलका गिअर होय.

५/ हेच दुखणे सँत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही यांनी ओळखले होते. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने ते लिहीत आणि अनेक गिअरांचा पुरस्कार करीत. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि केवळ अहंकारापोटी पेडल मारू नये, असा त्यांचा उपदेश होता. स्पर्धेचे संचालक आंरी देग्रांज मात्र गिअरांकडे दुबळ्यांची सोय म्हणून पाहत. त्या स्पर्धेत सर्वांना डिरेलर वापरण्याची मुभा मिळायला १९३७ साल उजाडले.

६/ मोजमाप त्याहून उशिरा आले. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी जाणवणाऱ्या श्रमाला ६ ते २० असे अंक दिले. तो अंक दहापट केला की निरोगी तरुणाच्या हृदयगतीचा ढोबळ अंदाज यावा, ही त्यामागची कल्पना. १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीने बिनतारी हृदयगतीमापक आणला. १९८६ मध्ये जर्मन अभियंता उलरिख शोबरर यांनी पॉवर मीटर सिद्ध केला.

७/ तो महागडा मीटर नसेल तर? चढावर बहुतेक शक्ती गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होते, म्हणून घड्याळ आणि उंची पुरेशी ठरतात. सायकलसह ८५ किलो वजन दर ७ मिनिटांना १०० मीटर वर नेणे म्हणजे सुमारे २०० वॅट; हवा व रस्त्याचा विरोध वेगळा. या गतीने तूर्माले दीड तासात सर होईल.

८/ त्याहून जुने साधन म्हणजे श्वास. आरंभी हृदयगती आणि धाप मागे राहतात, म्हणून पहिली दहा मिनिटे फसवी असतात. तेव्हा पूर्ण वाक्य सलग बोलता आले पाहिजे. मध्यावर तुटक शब्द चालतील. उरलीसुरली ताकद अखेरच्या टप्प्यासाठी राखावी.

९/ ओबिस्कवर लापीझने संयोजकांना ‘खुनी’ म्हटले, ही कथा सर्वांना ठाऊक असते. त्याचे चालणे फारसे कोणी सांगत नाही. मार्ग दुसऱ्यांनी आखला होता. वेग मात्र त्याने स्वतःच्या हाती ठेवला. सिंहगडाच्या चढावर पाय टेकताना मला पूर्वी ओशाळल्यासारखे होई. १९१० चा हा टप्पा वाचल्यापासून होत नाही.